भाऊजींची लाल शाईची कार्डं

चि. इरा आणि चि. नील,

मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर इरा म्हणाली, "आजी, तू सांगतेस ते द्राक्षांच्या रोगांवरचं पुस्तक तू मराठीत आणलंस. पण तुमच्या वाचनालयाचा कॅटलॉग मी इथून उघडून पाहिला. त्यात तुझं नाव नाहीच." इरा, तू सहज म्हणालीस हे मला कळतं. तरी कॉल संपल्यावर मी तासभर भांडी जागेवर लावत होते, आणि ती आधीच जागेवर होती. माझं नाव तिथे का नाही हे सांगायचं तर ते आधी तिथे कोणी लिहिलं होतं हे सांगावं लागेल. ते सांगू शकणारी आता मी एकटीच उरले आहे, म्हणून आजच लिहायला बसले.

ते लिहिणारे म्हणजे तुमच्या आजोबांचे मावसभाऊ. लहानपणी सुट्टीत आलात की तुम्ही त्यांना कार्डवाले आजोबा म्हणायचात. मी त्यांना भाऊजी म्हणत असे. अख्ख्या नाशिकमध्ये नात्यांचा इतका भुकेला माणूस दुसरा झाला नसेल, आणि स्वतः मात्र ते जन्मभर बिनलग्नाचे राहिले. त्यांना माणसांच्या नात्यांपेक्षा पुस्तकांची नाती अधिक कळत. आमच्या वाचनालयात तीसेक वर्षं त्यांनी पुस्तकं नोंदवली. पुस्तक आलं की काळ्या शाईत एक कार्ड व्हायचं, त्यावर आधी लेखक, मग पुस्तकाचं नाव आणि कपाटाचा क्रमांक. कोणत्याही वाचनालयात एवढंच असतं. भाऊजींचं खरं काम त्यानंतर सुरू होई, लाल शाईत. हे पुस्तक मुळात कोणत्या भाषेतलं, मराठीत कोणी आणलं, कोणत्या पुस्तकावर चिडून हे उत्तर लिहिलं गेलं, दुसऱ्या आवृत्तीत कोणतं प्रकरण गुपचूप गाळलं, आतली चित्रं कोणाची आणि त्या चित्रकाराने आणखी कुठे चित्रं काढली, अशा प्रत्येक नात्याचं वेगळं कार्ड. शिवाय प्रत्येक नातं दोन ठिकाणी. मामाच्या कार्डावर भाच्याची नोंद असेल, तर भाच्याच्या कार्डावर मामाची हवीच. "नातं एका बाजूने लिहिलं की ते निम्मंच राहतं, वहिनी," असं ते म्हणत. "उद्या एक बाजू हरवली तर दुसरीने हाक मारायला हवी." मी एकदा विचारलं की पुस्तकाला एवढे नातेवाईक कशाला हवेत. ते खरोखर दुखावले. "पुस्तक काय आकाशातून पडतं? त्याला आईबाप असतात, मामा-मावश्या असतात. कित्येकांना सुईण असते, आणि नेमकं तिचंच नाव कोणी लिहीत नाही."

हा विकार वाचनालयापुरता राहिला असता तर मी काही बोलले नसते. तुम्हाला माहीत आहे, माझ्या स्वयंपाकघरात प्रत्येक डब्यावर चिठ्ठी असते. चिवड्याच्या डब्यावर 'चिवडा'. एका गुरुवारी भाऊजी चहाला येऊन गेले आणि नंतर पाहते तर चिठ्ठीवर खाली बारीक पेन्सिलीने लिहिलेलं, 'मूळ कृती : घोटीच्या आत्या. बदल : सासूबाई, शेंगदाणे वाढवले. सध्याची आवृत्ती : वहिनी, मीठ कमी.' पुढच्या गुरुवारी मी त्यांना स्पष्ट सांगितलं, "भाऊजी, डब्यावर आत काय आहे तेवढंच लिहायचं असतं." ते शांतपणे म्हणाले, "आत काय आहे ते झाकण काढलं की दिसतं. कुठून आलं ते दिसत नाही, म्हणून ते लिहायचं." त्याचा राग माझ्या मनातून आजही गेलेला नाही. सिनेमाला त्यांच्याबरोबर जाणं म्हणजे शिक्षा. शेवटी नावं वर सरकू लागली की लोक उठत, भाऊजी मात्र खुर्चीच्या कडेला सरकून वाचायला बसत. एकदा झाडणाऱ्या बाई त्यांच्यापर्यंत येऊन थांबल्या. "बाबा, पिक्चर संपला, पाय तरी वर घ्या." यांनी पडद्यावरची नजर न काढता दोन्ही पाय वर घेतले. बाईंनी खालून झाडून घेतलं, आणि तुमचे आजोबा आणि मी दारात अपराध्यासारखे उभे.

त्यांचे शत्रूही याच कारणाने झाले. गावातल्या एका कादंबरीकारांची कादंबरी वाचनालयात आली. भाऊजींनी लाल कार्ड केलं, 'आधारित', आणि ज्या बंगाली कादंबरीवर ती आधारलेली होती तिचं नाव. कादंबरीकार तावातावाने आले. मी तेव्हा पुस्तक बदलायला गेले होते, म्हणून हे माझ्या कानांनी ऐकलं आहे. "माझी कादंबरी स्वतंत्र आहे," ते म्हणाले. भाऊजींनी चष्मा पुसला. "स्वतंत्र आहे, म्हणूनच 'आधारित' लिहिलं. नसती तर 'भाषांतर' लिहिलं असतं." ते गृहस्थ पुढे वाचनालयाच्या कार्यकारिणीवर निवडून आले. हे लक्षात ठेवा.

आता माझ्या पुस्तकाकडे येते. माझ्या लग्नाला तीन-चार वर्षं झाली होती. तुमच्या आजोबांचे एक प्राध्यापक मित्र द्राक्षवेलीच्या रोगांवरची एक इंग्रजी पुस्तिका घेऊन आले. मी इंग्रजी घेऊन एम.ए. झालेली, तेव्हा "वहिनींनी जरा मराठी करून द्यावं," असं ठरलं. ते 'जरा' मी सबंध पावसाळाभर करत होते. रोगांची नावं शब्दकोशात होती ती कोणी बागाईतदार उच्चारणार नाही अशी. म्हणून मी एसटीने सायखेड्याकडे गेले, बागेत उभी राहिले आणि इंग्रजी पुस्तिकेतली चित्रं दाखवली. एका बाईंनी वेलीचं पान उलटं करून मागचा पांढरा थर दाखवला आणि म्हणाल्या, "ह्यो केवडा. आन् ती राख टाकल्यागत दिसती ना, ती भुरी. पुस्तकात काय बी लिव्हा, आमी असंच म्हणतो." मी तसंच लिहिलं. पुस्तक छापून आलं तेव्हा वर प्राध्यापकांचं नाव होतं आणि प्रस्तावनेत एक ओळ, 'मित्रपत्नीचे सहकार्य लाभले.' मित्रपत्नी गप्प बसली. त्या वेळी असंच चालायचं असं आता लोक म्हणतात. चालायचं कारण आम्ही चालू द्यायचो, आणि याचा मला प्राध्यापकांपेक्षा स्वतःचाच जास्त राग येतो.

भाऊजी मात्र गप्प बसणारे नव्हते. दर गुरुवारी चहाला येत तेव्हा त्यांनी माझी भाषांतराची वही टेबलावर पाहिलेली होती. पुस्तक वाचनालयात आलं त्याच संध्याकाळी ते घरी हजर. "वहिनी, हे तुमचं आहे. मी प्राध्यापकांशी बोलू का?" मी म्हटलं, मुळीच नाही, यांची मैत्री तुटेल. ते म्हणाले, "बरं. बोलणार नाही. पण लिहिणार." आठवड्याने मी कार्डांचं कपाट उघडून पाहिलं तर माझ्या नावाचं लाल कार्ड तिथे. मी खूप भांडले. कोणी पाहिलं तर काय म्हणतील, काढा ते, असं म्हणाले. आयुष्यात त्यांनी माझं न ऐकल्याची ती एकच वेळ. "कार्ड वाचनालयाचं आहे, तुमचं नाही. वाचनालयाला जे खरं माहीत आहे ते तुमच्या भिडेपायी कसं खोडू?" त्यानंतर दोन गुरुवार मी त्यांना चहा दिला, पण बिस्किटं दिली नाहीत.

वर्षं गेली, भाऊजी निवृत्त झाले आणि वाचनालयात कंप्युटर आले. कार्डांवरची माहिती भरायला एका कंत्राटदाराची माणसं आली. त्यांच्या पडद्यावर लेखकासाठी एकच चौकट होती आणि कार्डावरची पहिली ओळ तिथे टाकायची असा हुकूम. भाऊजींच्या लाल कार्डांवर पहिला शब्द असायचा 'पाहा', म्हणजे पुढे लिहिलेलं दुसरं कार्ड पाहा, आणि माणसांनी तेवढाच शब्द उचलला. पंधरा दिवसांत 'पाहा' हे आमच्या वाचनालयातले सर्वांत जास्त पुस्तकं असलेले लेखक झाले. वाचनालयातले जुने शिपाई गोरख, सायखेड्याचेच, त्यांनी मला दारातच गाठलं. "बाई, हे 'पाहा' कोण हायेत? लय पुस्तकं लिव्हलीत त्यांनी, आन् कपाटात एक बी सापडत नाय. लोक माझ्या नावानं बोंबलतेत." मी भाऊजींना सांगितलं तर ते हसले नाहीत. ते तडक वाचनालयात गेले आणि म्हणाले, दुसरी चौकट करा. कंत्राटदाराने सोपा मार्ग काढला. त्याने माणसांना सांगितलं, लाल शाईची कार्डं सोडून द्या. भाऊजींनी कार्यकारिणीला चार पानी पत्र लिहिलं. सभेत ते कादंबरीकार म्हणाले, "आधुनिक कॅटलॉगमध्ये असल्या चहाड्यांना जागा नसते." तीस वर्षांचं काम, आणि त्याला चहाड्या म्हणाले. मी त्या सभेत सभासद म्हणून बसले होते. मी हात वर केला, आणि बोलायला सांगितल्यावर "काही नाही" म्हणून खाली घेतला. आपल्याच नावाच्या कार्डासाठी भांडते असं वाटेल, म्हणून. मुलांनो, मी जन्मभर शाळेत मुलींना ताठ उभं राहून बोला असं शिकवलं.

कपाट रद्दीत जाणार असं ठरलं तेव्हा भाऊजींनी तीन दिवस मागून घेतले. प्रत्येक खणातली, कार्डं ओवलेली सळई काढायची, काळ्यातून लाल वेचायची, आणि सळई परत घालायची, जणू खण उद्या कोणी वापरणार आहे. गोरख त्यांच्यासोबत खाली बसले. द्राक्षांच्या तीन पुठ्ठ्याच्या पेट्या भरल्या. पहिलीत अ ते थ, दुसरीत द ते भ, तिसरीत म पासून शेवटपर्यंत. त्यांच्या दोन खोल्यांत तिसरी पेटी मावेना, म्हणून मधली माझ्याकडे आणली. "तुमच्याकडे वस्तू जागेवर राहतात, वहिनी," म्हणाले. मी पेटीवर चिठ्ठी लावली, 'भाऊजी, कार्डं, द ते भ', आणि माळ्यावर ठेवली. मागच्याच्या मागच्या हिवाळ्यात भाऊजी गेले. मी तेव्हा पुण्याला गेले होते, परत येईपर्यंत त्यांच्या पुतण्याने खोल्या रिकाम्या करून दिल्या होत्या. दोन पेट्यांचं काय झालं, विचारलं. "काकू, नुसते कागद होते हो, लाल खरडलेले, रद्दीत दिले," असं तो म्हणाला. मुलगा वाईट नाही.

सोमवारी सकाळी मी रिक्षा करून वाचनालयात गेले. कॅटलॉग सांभाळणारी मुलगी गोड आहे. तिने पडदा माझ्याकडे वळवला. "आजी, लेखकाची चौकट एकच आहे, आणि त्यात सरांचं नाव आहे." मी म्हटलं, मग भाषांतर करणाऱ्याचं कुठे लिहितात? तिने शोधलं. "शेरा म्हणून एक चौकट आहे. त्यात लिहिता येईल. पण ती वाचकांना दिसत नाही, फक्त मला दिसते." मी म्हटलं, बाळ, पुस्तकात मी एका ओळीत होते, आता तीही दिसणार नाही. ती खरंच ओशाळली. मग म्हणाली, "काही पुरावा आहे का आजी? म्हणजे मला वर विचारता येईल."

घरी येऊन मी समोरच्या जोशीकाकांकडून पेटी खाली काढून घेतली. माझं नाव सुमती, म्हणजे ते तिसऱ्या पेटीत, म्हणजे गेलं. मी पेटीचं झाकण परत लावू लागले. मग आठवलं की हा माणूस नातं एका बाजूने कधीच लिहीत नसे. 'द' च्या गठ्ठ्यात 'द्राक्षवेलीचे रोग' निघालं. लाल शाई थोडी तपकिरी झाली आहे, पण वाचता येते. 'पाहा : सुमती. पुस्तकावर नाव प्राध्यापकांचे. मराठी सुमतीबाईंनी केले. हस्तलिखित स्वतः पाहिले, पान अकरावर हळदीचा डाग.' कार्ड उलटलं. मागे पेन्सिलीने, डब्यावर लिहीत तसंच बारीक, 'वहिनींची हरकत आहे. नोंद कायम.'

कार्डाचा फोटो त्या मुलीला पाठवला आहे. वर विचारते म्हणाली आहे. या वेळी सभा झाली तर मी हात खाली घेणार नाही.

मग सगळी पेटीच लावायला घेतली, कारण भाऊजींच्या वर्णक्रमात माझ्याकडच्या झुरळांनी थोडी ढवळाढवळ केली होती. 'न' मध्ये नील सापडला. तुमच्या जन्माची कार्डं त्यांनी केली होती हे मला माहीतच नव्हतं. 'नील. नाक : आजोबांवरून. आवाज : कोणावरून ते कळत नाही. स्वभाव : नोंद बाकी. थोरली बहीण : पाहा, इरा.' इरा, तुझं कार्ड पहिल्या पेटीत असणार, ते गेलं. पण तुझ्या भावाने तुला हाक मारून ठेवली आहे.

सगळी कार्डं पाहून झाल्यावर एक गोष्ट लक्षात आली. कार्डं कोणी लिहिली ते कुठेच लिहिलेलं नाही. दुनियेच्या सुइणींची नावं लिहिणाऱ्या माणसाने स्वतःचं लिहिलं नाही. मी लाल पेन आणलं. एक कार्ड त्यांच्या नावाचं केलं, पूर्ण नावाचं, आणि खाली 'पाहा : सुमती'. माझं हरवलेलं कार्ड नव्याने केलं, आणि खाली त्यांचं नाव. अक्षर थोडं वाकडं आलं आहे.

तीन पेट्यांपैकी एक उरली आहे. ती आता माळ्यावर नाही, जेवणाच्या टेबलाजवळच्या खालच्या कप्प्यात आहे. तिच्यात द ते भ ची सगळी कार्डं आहेत, आणि पुढे माझ्या अक्षरातली दोन.