सटवाचे केस

"ह्यो कोन आनलाय घरात?"

पत्र्याच्या भिंतीपलीकडून दगडाबाईचा आवाज आला तेव्हा मी अंगणात बाजरी पाखडत होते. तिचा नवरा आश्रुबा जाऊन पाच दिवस झाले होते. या गोष्टीला आता वीस वर्षं होतील.

"वैनी, हळू बोला. मानसं बसल्यात भाईर." हा तिचा दीर, हरिबा.

"बसू दे. मी इचारते, ह्यो कोन हाय?"

"दादा हाय. दुसरा कोन असंल?"

"माझा मानूस मला शिकवू नको, हरिबा. त्याच्या डोक्याला मी रोज तेल लावत व्हते. तितं एक केस नव्हता. ह्याला तर भांग हाय."

"पोरानं हौसेनं केलंय. मेल्यावर तरी चांगला दिसू दे की."

"जित्तेपनी वाईट दिसत व्हता व्हय? ह्या परक्या बाप्याम्होरं मी मेनबत्ती लावायची? लोक म्हनतील, पाच दिस झाले न्हाईत तं दगडाबाईनं दुसरा आनून भिंतीवर बसवला."

मला हसू आलं. दुखवट्याच्या घराकडं तोंड करून हसू नये म्हणून मी सूप आडवं धरलं. पण पलीकडं कुणी हसलं नाही. मग हरिबानं खिळा ठोकल्याचा आवाज आला.

पोरगा म्हणजे नवनाथ. तेव्हा सतरा वर्षांचा, गेवराईला फोटोच्या दुकानात काम शिकायला जायचा. आश्रुबाचा एकच फोटो होता, कारखान्याच्या ओळखपत्रावरचा, नखाएवढा. पोरानं तो कॉम्प्युटरवर मोठा केला आणि पाचव्या दिवशीच्या जलदान विधीला बाप बरा दिसावा म्हणून त्याला केस लावले. त्याचं हे पहिलं काम. फोटो भिंतीवर राहिला. दगडाबाई रोज मेणबत्ती लावायची, बुद्धाकडं बघायची, बाबासाहेबांकडं बघायची, आणि नवऱ्याची पाळी आली की खाली बघायची.

ते केस सटवाचे होते. सटवा आमच्या उमापूरचाच, लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा. केस असे दाट की कंगवा रुतून बसावा. भांग डावीकडं आणि कपाळावर एक बट, विळ्यासारखी वाकडी. त्यानं गेवराईला झोकात फोटो काढून घेतला आणि महिन्याभरात विहिरीतली मोटार काढायला उतरला तो वर आला नाही. बाहेर काढला तेव्हासुद्धा भांग मोडला नव्हता म्हणतात. मी काही बघायला गेले नव्हते आणि जे गेले होते ते सगळे भिऊन पळाले होते, तेव्हा भांग कुणी बघितला देव जाणे. पण फोटो दुकानात राहिला होता. नवनाथनं त्यातले केस तेवढे कापून घेतले आणि कॉम्प्युटरात 'सटवा' नावानं ठेवून दिले.

पुढं नवनाथनं आमच्या स्टँडजवळ स्वतःचं दुकान टाकलं. वाढदिवसाचे फ्लेक्स, लग्नाचे फोटो, आणि सगळ्यात जास्त श्रद्धांजलीचं काम. आमच्याकडं माणूस जिवंतपणी फोटो काढायला तयार नसतो. मेला की घरचे आधार कार्ड घेऊन येतात आणि म्हणतात, जरा नीट कर. कुणाच्या डोक्यावर टॉवेल असतो, कुणी टकला असतो. नवनाथ सटवाचे केस लावायचा. वीस वर्षं लावतोय. मी बाजाराला निघाले की चौकातल्या फ्लेक्सवरून तेच डोकं माझ्याकडं बघतं. नाव वेगळं, जात वेगळी, गाव वेगळं, भांग डावीकडं आणि बट कपाळावर. एकदा भाचीच्या गावी गेले होते, तिकडं पाथर्डीच्या रस्त्याला. वेशीत पहिला सटवाच भेटला.

"मेलेली मानसं भाऊभाऊ दिसायलीत रे," मी एकदा नवनाथला म्हणाले.

"आजी, गिऱ्हाईकाला तेच आवडतंय," तो म्हणाला. गल्लीभर मला आजी म्हणतात, सख्खी मी कुणाचीच नाही.

माणूस मोठा नेटका. पहाटे उठून दुकानापुढं सडा मारणार, कारण ओल्या शाईच्या फ्लेक्सला धूळ चिकटते. बाहेरचं खाणार नाही. उधारीवरून कुणाशी तोंड वाजवणार नाही. एकच खोड, डोक्याचा रुमाल सोडणार नाही. तिशीतच तो बापासारखा झाला, घासलेल्या पितळी कासंडीच्या बुडासारखा लख्ख. रुमाल सुटायचा तो संध्याकाळी आईपुढं. दगडाबाईचे दोन्ही डोळे काचबिंदूनं गेलेत. नवनाथ घरी आला की तिच्यापुढं खाली बसतो आणि ती तळहातावर तेल घेऊन त्याच्या डोक्यावरून हात फिरवते. हात फिरला की म्हणते, "आलास का." आवाजावरून ती कुणाला ओळखत नाही. आवाज काय, मोबाईलमधूनही येतो म्हणते.

आश्रुबा अडतिसाव्या वर्षी गेला. नवनाथला येत्या वैशाखात अडतिसावं लागतं. हे त्यानं मला सांगितलं नाही, त्याची बायको यशोधरा हिनं सांगितलं. दाढी करता करता तो थांबतो, आरसा पालथा घालतो आणि उरलेली दाढी चाचपून करतो. एकदा तिनं विचारलं, "कावून पालथा घातलाव?" तर म्हणाला, "बाप बघायलाय आतून."

अंगणवाडीत चाळीस पोरं सांभाळणारी बाई आहे ती, सहज घाबरत नाही. त्या दिवशी माझ्याकडं येऊन बसली आणि तिनं चहासुद्धा घेतला नाही.

आरशात बाप दिसू नये म्हणून त्यानं केस लावून घ्यायचं ठरवलं. संभाजीनगरला डॉक्टर लावतात, डोक्याच्या मागचे केस मुळासकट काढून पुढं. ठरवलं खरं, पण तिथून त्याचं खाणं सुटलं. येतील का? आले तर टिकतील का? दिवसभर मोबाईलवर आधीचा टकला आणि नंतरचा केसाळ, असे जोडीचे फोटो बघायचा. दुसऱ्या कुणाला धीर आला असता. ह्याचा जन्म फोटोत केस लावण्यात गेलेला, ह्याला कसला धीर येतो? बोटांनी फोटो मोठा करायचा आणि म्हणायचा, "हे खोटं. हे बी खोटं. इतं सावली चुकली."

एक दिवस दुपारी तो माझ्या उंबऱ्यात येऊन बसला. मोबाईल पुढं केला. "आजी, ह्यो मानूस कोन हाय?"

केस लावणाऱ्या कुठल्याशा डॉक्टरची जाहिरात होती. कोट घातलेला गोरापान माणूस, आमच्याकडचा नव्हेच. भांग डावीकडं. कपाळावर विळ्यासारखी बट.

"सटवा," मी म्हणाले.

"हां. तुमाला बी दिसला ना? म्या म्हनलं माझेच डोळे गेले."

त्याचं म्हणणं, फोटोची दुकानं असले कापून ठेवलेले केस एकमेकांना देतात. त्यानंही कधी कुणाला सटवा दिला असेल, तिथून पुढं गेला असेल. पटण्यासारखं होतं. तरी आम्ही दोघंही बराच वेळ मोबाईलकडं बघत बसलो. आत्तापर्यंत सटवा मेलेल्यांच्या डोक्यावर होता. हा माणूस जिवंत होता आणि हसत होता.

ती जाहिरात सोडून तो दुसऱ्या डॉक्टरकडं गेला. हा डॉक्टर सरळ निघाला. म्हणाला, तुमचेच केस आहेत, दुसऱ्या कुणाचे नाहीत. तीन आठवड्यांनी लावलेले बरेचसे गळतील, भिऊ नका. तीन-चार महिन्यांनी नवे फुटतील. खरं काय ते वर्षानं कळेल. सगळेच धरतील असं मी लिहून देत नाही.

"कांद्याच्या रोपासारखंच की," मी म्हणाले. "लावलं की आधी माना टाकतं, मग धरतं."

"आजी, कांदा लावला तर कांदाच येतो, हे ठाव असतंय," नवनाथ म्हणाला.

मला त्याचं म्हणणं तेव्हा नीट कळलं नाही. शनिवारी कळलं.

सोमवारी सकाळी ऑपरेशन होतं. शनिवारी त्यानं दुकानात स्वतःचा फोटो घेतला. आपण कसे दिसू ते एकदा बघून घ्यावं म्हणून. केस लावायचे तर त्याच्याकडं कुणाचे होते? आणि हातांना वीस वर्षांचं वळण लागलेलं. त्यांनी चेहरा उजळ केला, मागं आभाळ टाकलं, कडेनं झेंडूचा हार ओढला, खाली दोन समया ठेवल्या. जन्म लिहिलं, पुढं साल लिहिलं, एक रेघ मारली आणि रेघेपुढची जागा मोकळी सोडली. मशिननं छापून बाहेर काढलं. नवनाथचं लक्ष होतं फक्त डोक्याकडं. केस कपाळाला नीट बसलेत का, एवढंच बघितलं आणि गुंडाळी करून बायकोला दाखवायला घरी आणलं.

मी तिथंच होते, दगडाबाईच्या शेजारी लसूण सोलत. त्यानं गुंडाळी उलगडली. यशोधरेनं बघितलं आणि ती भिंतीला धरून खाली बसली. मग त्यानं स्वतः बघितलं, बहुतेक पहिल्यांदाच.

दगडाबाईला शाईचा वास आला. तो असला फ्लेक्स घरी आणतो तेव्हा ती नेहमी विचारते तेच तिनं विचारलं. "आज कोन गेलं रे?"

वर आश्रुबाचा फोटो, खाली हा. तोच भांग, तीच बट. मी म्हातारी, डोळ्याला चष्मा, पण बाप कुठला आणि लेक कुठला, मला क्षणभर कळलं नाही.

"कुनी न्हाई, माय," नवनाथ म्हणाला. "चुकलेली प्रिंट हाय."

"चुकलेली असली तरी नाव असंल की तिला."

मग नवनाथ आईपुढं जाऊन बसला. रुमाल सोडला. तिनं सवयीनं हात फिरवला.

"आलास का."

"माय, माझ्या डोस्क्यावर केस आले तं तू मला वळखशील का?"

त्याला खाणारी भीती ही होती तर. केस न येण्याची नव्हे. आल्यावर खाली कोण असेल, याची.

दगडाबाईनं हात तसाच ठेवला. "तुज्या बापाला लावलेस तवा इचारलं न्हाईस."

"चुकलं माजं."

"चुकलं न्हाई. लेकरू व्हतास. मला तवा डोळे व्हते, पर त्याच्यावर काच व्हती. हात लावला तं नुस्ती गार काच. मानूस लागंचना हाताला. तुज्यावर काच हाय का?"

"न्हाई."

"मंग? आधी खुंट येतील, मंग वाढतील. मी रोज बघंन की. एकदम आनून उभा करू नको म्हंजे झालं."

"दहा-बारा दिस हात लावू देत न्हाईत, माय."

"बारा दिस मी तुज्या कानाला हात लावंन. कान तं तेच राहतील ना? का ते बी बदलायलेत?"

यशोधरा रडत होती ती मधेच फिसकन हसली. मी हसले नाही. माझं लक्ष त्या फ्लेक्सकडं होतं, रेघेपुढच्या मोकळ्या जागेकडं. नवनाथनं तो उचलला, मागच्या अंगणात नेला आणि कात्रीनं बारीक तुकडे केले. फ्लेक्स जाळला की घाण धूर होतो म्हणून जाळला नाही. तेवढ्यातही त्याला शेजाऱ्यांच्या वाळवणाची काळजी.

रविवारी दुपारी दोनच्या गाडीनं त्याला निघायचं होतं. सकाळीच निरोप आला, गहिनीनाथ पाटलांचा दहावा आहे आणि मोठा फोटो हवाय. यशोधरा म्हणाली, राहू द्या आज, दुसऱ्या कुणाकडून करतील. तो म्हणाला, मानूस वाट बघत असतंय. घरचं मानूस म्हणायचं होतं का गेलेलं, ते मी विचारलं नाही.

मी पाटलांच्या ओसरीवर बायकांत बसले होते. गहिनीनाथची लेक वनमाला सासरहून आली होती. ऊन चढल्यावर नवनाथ दिसला, चालत. मेलेल्या माणसाचा फोटो तो गाडीवर नेत नाही. काच छातीशी, पाठ बाहेर, दोन्ही हातांनी लहान पोर धरावं तसा धरतो, म्हणजे वाटेत कुणाशी नजरानजर होत नाही. डोक्याला रुमाल होता. बॅग खांद्याला होती.

तो उंबऱ्याबाहेर थांबला. आत येत नाही तो. फोटो फिरवून वनमालापुढं धरला आणि प्रत्येक दारात विचारतो तेच विचारलं.

"बघून घ्या, ताई. आपलंच मानूस हाय का?"

वनमालानं डोळे पुसले आणि बघितलं. खूप वेळ बघत राहिली. नवनाथ हात न हलवता उभा होता, कपाळावरून घाम रुमालात जात होता.

"हाय," ती म्हणाली.

त्यानं फोटो तिच्या हातात दिला, हात जोडले, आणि आला होता ती वाट सोडून दुसऱ्या वाटेनं स्टँडकडं गेला.