बोगद्यात बाबांच्या हातावर दही कुणी घातलं?

आधीच सांगून टाकते, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणाऱ्यातली नाही. डोंबिवलीत एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. दिवसभर लोकांचं रक्त आणि लघवी तपासणाऱ्या बाईला भुताखेतांचं काय कौतुक असणार? या सदरातले अनुभवसुद्धा मी आजवर चहाबरोबर तोंडी लावायला म्हणून वाचले. रात्री माळ्यावर पावलं वाजली म्हणे... अहो, उंदीर असेल! तर आज माझीच पाळी आली आहे. हसायचं तर खुशाल हसा.

आई गेली त्याच्या पुढच्या वर्षीची ही गोष्ट. बाबा तेव्हापासून आमच्याकडे असतात. आमच्याकडे म्हणजे मी, माझा नवरा मंदार आणि मुलगी इरा. तर बाबांच्या हृदयाच्या नळ्या तुंबलेल्या निघाल्या. कल्याणच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, बायपास करा, थांबू नका. आणि बाबा ढिम्म! "आता या वयात कसली शिवणकामं करून घेऊ?" म्हणायचे. मी रडले, भांडले, अबोला धरला. काही उपयोग नाही.

इथे आमच्या आईची एक सवय सांगायला हवी. बाबा वागळे इस्टेटला एका कंपनीत फिटर होते. परीक्षेला किंवा लांब गावाला निघालेल्याच्या हातावर आपल्याकडे दही घालतात, म्हणजे माणूस सुखरूप परत येतो. आमच्या आईने ते रोजचंच करून टाकलं होतं. बाबा शिफ्टला निघाले की ही दारात वाटी घेऊन हजर. "मशीनशी खेळणारा माणूस, परत यायला नको?" बाबांना डायबिटीस निघाला तेव्हा साखरेच्या जागी मीठ आलं, पण दही काही सुटलं नाही. आणि बोटाला लागलेलं उरलंसुरलं दही ती त्यांच्या उजव्या कानामागे पुसायची. का, कोण जाणे. आई ठेंगणी, बाबा ताडमाड उंच, त्यामुळे ते मान वाकवून शहाण्या मुलासारखे उभे राहायचे. आम्ही भावंडं खो खो हसायचो. पण बाहेरच्या कुणाला हे सांगायचं काही कारणच नव्हतं.

ऑपरेशनचा विषय निघाला की बाबा शेवटी म्हणायचे, "निघताना दही कोण घालणार मला?"

"मी घालते ना!"

"तुझं दही गोड असतं. मला चालत नाही."

म्हटलं तर चेष्टा, पण त्यांचे डोळे हसत नसायचे. हा माणूस परत यायचंच नाही असं ठरवून बसलाय, हे मला कळत होतं.

त्यात इराचा वाढदिवस आला. तिला एस्केप रूमच हवी होती, म्हणजे एका खोलीत कोंडून घ्यायचं आणि कोडी सोडवून बाहेर पडायचं. वर त्याचे पैसे! मी फोनवर तीनदा विचारून घेतलं, "भीतीदायक नाही ना? घरात हार्ट पेशंट आहे." तिथली मुलगी म्हणाली, "मॅम, ही आमची कॉमेडी रूम आहे. रेल्वे थीम. लोक हसून हसून दमतात." म्हटलं, चला. बाबांना एकट्याला घरी ठेवण्यात अर्थ नव्हता, त्यांनाही गाडीत घातलं.

जागा वागळे इस्टेटमध्येच, एका जुन्या गाळ्यात. बाबांची कंपनी दोन गल्ल्या पलीकडे होती, आता तिथे काचेची बिल्डिंग आहे. बाबांनी तिकडे नुसतं पाहिलं. दुपारची वेळ होती, रस्त्यावर टेम्पो, चहाच्या टपरीवर गर्दी, म्हणजे वातावरणात भुताटकीचं नावही नव्हतं. काऊंटरवर तीच फोनवाली मुलगी होती, पूर्वा. तिने आमच्या पर्सा, मोबाईल, पाण्याची बाटलीसुद्धा लॉकरमध्ये ठेवून घेतली. आत खाणंपिणं नेऊ देत नाहीत.

आत लांब पल्ल्याच्या गाडीचा अख्खा डबा बनवलेला. बर्थ, पंखे, खिडकीबाहेर सरकणारी पडद्यावरची झाडं... छान होतं, खोटं कशाला बोलू. त्यात दोन नट. एक टीसी — पोट सुटलेलं, मिशी दर वाक्याला निसटणारी. दुसरा वरच्या बर्थवर चादर ओढून घोरणारा प्रवासी, तो झोपेत बरळायचा आणि त्यातूनच क्लू मिळायचे. आमची हरवलेली तिकिटं शोधायची, नाहीतर टीसी आम्हाला 'उतरा बुद्रुक' नावाच्या स्टेशनवर उतरवणार!

"आजोबा, जास्त श्वास घेताय. जादा हवेचा दंड!" टीसी बाबांना म्हणाला.

"पावती देणार का?" बाबा म्हणाले.

आई गेल्यापासून बाबांनी केलेला हा पहिला विनोद. मंदारने मला कोपराने ढोसलं. पुढे तर एका पेटीचं कुलूप कुणाला उघडेना, ते बाबांनी कान लावून, फिरवून चुटकीसरशी उघडलं. टीसीने त्यांना कडक सॅल्यूट ठोकला. मिशी पडली. आम्ही पोट धरधरून हसलो.

आणि मग टीसीने शिट्टी फुंकली. "बोगदा आला, बोगदा! हात, पाय, डोकी आपापली आत घ्या!"

मिट्ट काळोख. स्पीकरवर गाडीचा खडखडाट. माझ्या एका हातात इराचा हात होता, दुसऱ्या हाताने मी मंदारची बाही धरलेली. टीसी डब्याच्या पार टोकाला "घाबरू नका, ड्रायव्हरलापण काही दिसत नाहीये!" असं ओरडत होता, आणि वरचा घोरत होता. कोण कुठे होतं ते म्हणूनच मी छातीठोकपणे सांगू शकते. समोरच्या बाकावर एकटे बाबा होते.

दिवे आले तर बाबा उभे होते. उजवा हात पुढे, तळवा वर, आणि तळव्यावर दही.

मला वाटलं गेमचाच भाग असेल. इरा तर टाळ्या वाजवायला लागली. टीसी क्षणभर गोंधळला, मग म्हणाला, "डब्यात दही लावायला सक्त मनाई आहे, आजोबा!" पण त्याची नजर वरच्या बर्थकडे गेली. वरच्याचं घोरणं थांबलेलं, आणि तो चादरीतून डोकं काढून बघत होता.

बाबा कुणाकडेच बघत नव्हते. त्यांनी सावकाश हात तोंडाशी नेला आणि दही चाटलं. मी पुढे झाले, त्यांच्या बोटाला राहिलेलं थोडं माझ्या बोटावर घेतलं आणि जिभेला लावलं.

खारट.

मग मी त्यांच्या उजव्या कानामागे पाहिलं. तिथे पांढरा फराटा होता, ओला. रोज दुसऱ्याच्या रक्ताच्या बाटल्या हाताळणारी मी, मला तिथल्या बाकावर बसावं लागलं.

बाहेर आल्यावर पूर्वा आमच्यावरच चिडली. "मॅम, मी सांगितलं होतं ना खाणं न्यायचं नाही?" आम्हाला वाटत होतं त्यांच्या नटांनी केलं, त्यांना वाटत होतं आम्ही डबा लपवून नेला. थोडी बाचाबाची झाली, शेवटी तिने कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग लावलं. अंधारातही दिसणारा कॅमेरा आहे त्यांचा. बाबा आणि इराला मंदारने चहाला नेलं होतं, म्हणून ते मी आणि पूर्वानेच पाहिलं.

करड्या चित्रात आम्ही तिघं एकमेकांना चिकटून. टीसी टोकाला. बाबा बसलेले. मग ते उठतात, सवयीने उठावं तसे. हात पुढे करतात. तळवा रिकामा आहे... आणि मग त्यावर पांढरा ठिपका आहे. जवळ कुणी नाही. बाबा मान उजवीकडे वाकवतात, पार खाली, आणि तसेच थांबतात. कुणीतरी ठेंगणं माणूस कानापर्यंत पोचेपर्यंत थांबावं, तसे.

पूर्वाने स्क्रीन बंद केली. तिला आईबद्दल मी काही सांगितलं नव्हतं. तरी ती हळूच म्हणाली, "मॅम, आजोबांची उंची जरा जास्तच आहे ना?"

घरी येताना गाडीत, मुंब्र्याच्या पुढे बाबा आपणहून म्हणाले, "डॉक्टरांना फोन कर. तारीख घे."

"बाबा, बोगद्यात काय झालं?"

"काय व्हायचंय? तारीख घे म्हणतोय ना."

हॉस्पिटलला निघायच्या दिवशी मी वाटीत दही काढलं, आठवणीने मीठ घातलं. बाबांनी हात मागे घेतला. "झालंय माझं," म्हणाले आणि चप्पल घालून निघाले. ऑपरेशन ठरल्यापेक्षा बरंच लांबलं. मध्ये एकदा सर्जन बाहेर येऊन "आम्ही प्रयत्न करतोय" म्हणाले, तेव्हा मंदारने मला धरून ठेवलं. देवाशपथ सांगते, त्या क्षणी मी देवाचं नावही घेतलं नाही. नुसतं तोंडातलं ते खारट दही आठवत राहिले.

बाबा परत आले.

नंतर मी ते रेकॉर्डिंग मागायला गेले तर ते आपोआप पुसलं गेलं होतं. नटांनी शपथा घेतल्या. मी सगळ्या शक्यता तपासल्या, अगदी बाबांवरही संशय घेतला. पण लॉकर, कॅमेरा, रिकामा तळवा... काही जुळत नाही. मला याचा खुलासा देता येत नाही, आणि ज्यांना येतो त्यांनी जरूर कळवावा.

एवढंच सांगते. जन्मात कधी स्वयंपाकघरात पाऊल न टाकलेले बाबा आता मी लॅबला निघाले की वाटी घेऊन दारात येतात. माझ्या हातावर दही घालतात. मी लिफ्टपाशी जाऊन मागे बघते, तर दार लोटण्याआधी ते उजवीकडे मान वाकवून थोडा वेळ उभे असतात. लिफ्ट आली तरी त्यांची मान वर होईपर्यंत थांबते, आणि मग जाते.