मीराकाकू बत्तीवर चढल्या

गिरीजचे आत्माराम सावे म्हणजे नियमाचा माणूस. भावांनी केळीची वाडी सांभाळली, हे पाचूबंदरच्या दीपगृहात नोकरीला लागले आणि उभा जन्म तिथल्या बत्तीचं भिंग पुसत राहिले. परक्या माणसाला वर न्यायचं नाही, असा तिथला नियम. आता बायको परकी कशी? पण आत्मारामभाऊंना ते कोण सांगणार! मीराकाकूंचा लग्न झाल्यापासून एकच हट्ट, एकदा वरून बघायचं. निवृत्त झालो की नेतो, हे भाऊंचं ठरलेलं उत्तर.

निवृत्तही झाले. पुढे बोटींवर जीपीएस आलं आणि बत्तीच बंद झाली. भिंग खोक्यात भरून शहरात गेलं. देखरेखीसाठी किल्ली तेवढी भाऊंकडे राहिली, आणि किल्लीबरोबर नियमही राहिला. काकूंचे गुडघे मात्र तोवर कामातून गेले.

परवा निरोप आला, उद्या माणूस येऊन किल्ली नेईल, दीपगृहाला सील लागेल. काकू ठेवणीतली साडी नेसल्या आणि चपला घालून दारात उभ्या राहिल्या. मग काय करता! भाऊंनी मुकाट्याने रिक्षा बोलावली.

दीपगृहाच्या जिन्यात काकू दर वळणावर बसायच्या, भाऊ पाठीशी थांबायचे. शेवटी तर भाऊंनी त्यांना हात धरून वर ओढलंच. वर पोचल्यावर या गृहस्थांनी काय करावं? सरळ जाऊन सगळे पडदे ओढले! दिवसा भिंगात ऊन शिरलं तर आग लागते, म्हणून ती जन्माची सवय. भिंग जागेवर नाही, हे हाताला कुठे ठाऊक? काकू धापा टाकत अंधारात उभ्या. इतक्या हसल्या की डोळ्यांत पाणी आलं. मग स्वतःच गिरीजच्या बाजूचा पडदा सारला.

समोर नुसते नारळाचे शेंडे. घर नाही की अंगण नाही.

"रोज तिन्हीसांजेला मी मागच्या दारी उभी राहायचे," काकू म्हणाल्या. "नारळांवरून तुमच्या बत्तीचा उजेड फिरला की जिवाला बरं वाटायचं. मग भात टाकायचे. तुम्हाला मी दिसायचे का हो?"

भाऊंची नजर जन्मभर पाण्यावर. या बाजूला त्यांनी कधी धड पाहिलंच नव्हतं, आणि ते आता त्यांच्या मनाला फार लागलं.

"दिसायचीस," ते म्हणाले. "रोज."

काकूंनी पुन्हा एकदा त्या नारळांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "मला वाटलंच होतं."