उपकाराच्या यादीतलं नाव

सुखदेव हिवाळे काळजी करत नसे. नगरकडच्या मिशन शाळेत मास्तर असलेल्या वडिलांनी लहानपणीच बजावलं होतं, की काळजी म्हणजे देवावरचा अविश्वास. त्यामुळे खराडीच्या कंपनीत लागल्यापासून फ्लॅटचा हप्ता, नोकरकपात, बॉसचा पडलेला चेहरा, यातल्या कशाचीच त्याला काळजी नव्हती. हे सगळं त्याच्या 'प्रार्थनेत' होतं. प्रार्थनेत असलेल्या गोष्टींमुळे त्याला ॲसिडिटी झाली होती, एवढंच.

२००९ साली प्रार्थनेत अमेरिका आली. टीममधल्या एकाला वर्षभरासाठी पाठवणार होते, आणि बॉस म्हणाला होता, "ऑलमोस्ट तूच." सुखदेवने घरी सांगताना 'ऑलमोस्ट' गाळलं. मागायचं तर मिळालंच आहे असं धरून मागावं, हे तो उपदेशात ऐकत आला होता. त्याच्या बायकोने, शालूने, बुधवारच्या प्रार्थनासभेत लगेच उपकाराचं, म्हणजे देवाचे आभार मानायचं, पाकीट टाकलं. आत हजार रुपये आणि अमेरिकेबद्दल आभाराची एक चिठ्ठी. अशा चिठ्ठ्यांची यादी पाळकसाहेब रविवारी भर उपासनेत वाचतात.

शुक्रवारी बॉसने टीममधल्या निकिताची निवड केली. उरलेल्यांतले दोघे जूनपर्यंत कमी होतील, हेही त्याच मीटिंगमध्ये सांगून टाकलं. सुखदेव निकिताला हसून शुभेच्छा देऊन आला आणि घरी काही बोलला नाही. शनिवारी शालूने दोन जाड स्वेटर आणले. तेव्हाही नाही.

रविवारी उपासनेआधी त्याने चर्चचे सेवक संपतकाका यांना विश्रांतवाडीच्या चर्चच्या दारातच गाठलं.

"काका, बुधवारचं एक पाकीट परत मिळेल?"

"का? जास्त टाकलेस?"

"नाही हो. चिठ्ठी बदलायचीय."

"यादी पाळकसाहेबांच्या हातात गेली," काका गीतपुस्तकं वाटत म्हणाले. "वेदीपाशी उभे आहेत बघ. जा, माग. सगळी मंडळी बघेल, तेवढंच."

सुखदेव मुकाट्याने शालूशेजारी जाऊन बसला. एरवी पाऊण तास चालणारा उपदेश त्या दिवशी नेमका पंधरा मिनिटांत आटोपला. शेवटच्या गीताला सगळे उभे राहिले. यानंतर यादी.

"शालू," तो पुस्तकाआडून म्हणाला, "निकिता चाललीय."

"कुठं?"

"अमेरिकेला."

शालूने कडवं पुरं म्हटलं. मग त्याच्याकडे न बघता विचारलं, "कधी कळलं?"

"शुक्रवारी."

"आणि काल मी स्वेटर घालून आरशासमोर उभी होते, तेव्हा?"

"प्रार्थनेत होतं गं."

"बसा आता."

पाळकसाहेबांनी चष्मा लावला. कुणाचं ऑपरेशन नीट पार पडलं, कुणाला नात झाली. उठावं असं त्याच्या मनात होतं, पण पाय काही त्याच्या मताचे नव्हते.

"सुखदेव आणि शालू हिवाळे यांच्याकडून..."

शालू उभी राहिली. "पाळकसाहेब, आमचं नाव उपकाराच्या नको, प्रार्थना-विनंतीच्या यादीत घ्या. अमेरिका झाली नाही. यांना नोकरीची काळजी लागलीय, झोप नाही. पाकीट असू द्या."

काळजी हा शब्द हिवाळे घराण्यात इतक्या मोठ्याने पहिल्यांदाच उच्चारला गेला, आणि तोही चर्चमध्ये. सुखदेव पुढच्या बाकाचे खिळे मोजू लागला.

पाळकसाहेबांनी लिहून घेतलं. मग विचारलं, "नोकरीची काळजी आणखी कुणाला आहे?"

पुढच्या बाकावरच्या सर्जेरावांनी हात वर केला, ज्यांच्या बढतीचे पेढे सगळ्यांनी गेल्याच महिन्यात खाल्ले होते. मग मागे दोन. मग खिडकीकडे एक.

सुखदेवने इकडंतिकडं पाहिलं आणि हळूच आपलाही हात वर केला.

"तुमचं लिहिलंय," शालू म्हणाली. "खाली घ्या."

त्याने घेतला नाही.