न्यायाच्या दिवसाचं प्रकरण

गोंदियाला भावाकडे राहायला आले, त्यानंतर वर्षभर मी चुलीला भ्यायची. काडी ओढली की लगेच फुंकून टाकायची. भाभीला वाटायचं, नवरा गेला त्याचं दुःख आहे. दुःख होतंच, पण ही भीती एका पुस्तकातून आली होती.

माझे यजमान सालेकशाच्या जंगलात तेंदूपानाच्या कामावर होते. तिथंच त्यांना ताप भरला, तो उतरलाच नाही. मी तेव्हा विशीतही नव्हते. सासरच्यांनी मला दवनीवाड्याला माहेरी आणून सोडलं. भाऊ गोंदियात धानाचा व्यापार करायचा, तो मला आपल्याकडे घेऊन आला. देश स्वतंत्र होऊन पाच-सहा वर्षं झाली असतील.

रेल्वेच्या चाळींपलीकडे एक म्हाताऱ्या ख्रिस्ती बाई एकट्या राहायच्या. सगळे त्यांना नर्सबाई म्हणायचे. भाभीचं बाळंतपण अडलं होतं तेव्हा त्यांनीच मायलेकरांना वाचवलं होतं. आता नर्सबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरले होते आणि वाचायचं तर वेड. मी सातवी शिकलेली आहे हे कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं. त्यांनी भावाला विचारलं, "तुमच्या बहिणीला दुपारी पाठवाल का? वाचून दाखवायला?"

शेजारीण हसून म्हणाली, "भेज दो, भेज दो. फिर गिरजाघर से ही बिदा करना."

भावानं तिच्याकडे पाहिलंही नाही. मला म्हणाला, "जा तू. त्या बाईनं माहं लेकरू जगवलं. पुस्तक वाचल्यानं कोनी किरिस्ताव होत नाई."

मी जाऊ लागले. नर्सबाईंच्या खोलीत एक खाट, एक टेबल आणि भिंतभर पुस्तकं. वाळवी लागू नये म्हणून मधेमधे कडुलिंबाचा पाला खोचलेला. सुरुवातीला मला आवडायचं. बायबलातल्या कोळ्यांच्या, मेंढरांच्या, पेरणीच्या गोष्टी. आमच्याकडच्या बांधावर घडाव्यात तशा. तारण, प्रायश्चित्त, नियमशास्त्र असले शब्द अडले की नर्सबाई डोळे मिटून अर्थ सांगायच्या.

मग त्यांनी एक जाड पुस्तक काढायला लावलं. कुणा पाद्रीसाहेबांनी शास्त्रावर लिहिलेलं. त्यात शेवटच्या न्यायाच्या दिवसाचं प्रकरण होतं. प्रभूचं नाव न घेता मेलेल्यांचं काय होईल, ते त्यात पायरीपायरीनं मांडलं होतं. आगीचं सरोवर, आणि ती आग कधी विझत नाही. लिहिणाऱ्याला राग आलेला दिसत नव्हता. धान मोजावं तसं शांतपणे लिहिलं होतं. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

यजमानांना अग्नी दिला तेव्हा बायकांना स्मशानात जाऊ देत नाहीत म्हणून मी गेले नव्हते. पण गावाबाहेर वर चढलेला धूर मी पाहिला होता. वाचताना तोच धूर पानावर दिसायला लागला. ती आग तेव्हा विझलीच नसेल तर? घरी येऊन चूल पेटवायची म्हटलं की मी दुसरंच काम काढायची. भाताला आधण ठेवताना मी तोंड फिरवायची. एकदा पदराला ठिणगी लागली तर असं किंचाळले की भाभीच्या हातातली परात पडली.

"काऊन भेतेस वो एवढी?" ती म्हणाली. मी परात उचलून दिली.

जायचं बंद करावं असं रोज ठरवायची आणि दुपार झाली की निघायची. पुढच्या पानावर सुटका लिहिलेली असेल, असं वाटायचं. पण नर्सबाई पुढं जाऊच देईनात. "ते प्रकरण पुन्हा वाच," म्हणायच्या. पुन्हा. परत पुन्हा.

एका दुपारी मी वाचता वाचता मधेच थांबले. मी पुस्तक मिटलं आणि विचारलं, "बाई, माझे यजमान असे आगीत असतील का? त्यांनी तर प्रभूचं नावही ऐकलं नव्हतं."

त्यांनी हातानं चाचपत माझं मनगट धरलं.

"मी नगरकडची," त्या म्हणाल्या. "मी लहान असताना मोठ्या दुष्काळात आई, बाप, धाकटा भाऊ, सगळे रस्त्याच्या कडेला भुकेनं गेले. मला मिशनवाल्यांनी उचललं. मी वाचले, शिकले. त्यांनी पण हे नाव ऐकलं नव्हतं, पोरी. तेव्हापासून मी पुस्तकात तेच शोधतेय. कुठंतरी एक ओळ असेल, ते कुठं आहेत ते सांगणारी. मी चुकून गाळली असेल म्हणून तुला परत वाचायला लावते."

"पाद्रींना नाही विचारलंत?"

"विचारलं. एक म्हणाले, ते देवाच्या हातात. दुसरे म्हणाले, शास्त्र स्पष्ट आहे. दुसऱ्यांचंच लक्षात राहतं बघ."

मला वाटत होतं, इतकी पुस्तकं वाचलेल्या माणसाला भीती नसणार. त्या दिवशी कळलं की त्या माझ्यापेक्षा कितीतरी वर्षं जास्त भीत होत्या. माझी भीती काही गेली नाही. पण ती धरून मी एकटी बसलेली नव्हते. त्यानंतर मी ते प्रकरण न कुरकुरता वाचायची, आणि आम्ही दोघी मिळून ती ओळ शोधायचो.

पुढच्या उन्हाळ्यात नर्सबाई आजारी पडल्या. शेवटी शेवटी त्यांना मी ओळखू येईना. एका सकाळी मी गेले, तर त्या खाटेवर उठून बसायची धडपड करत होत्या. लहान पोरीच्या आवाजात म्हणाल्या, "आई, भूक लागली." मी घाबरून दाराबाहेर आले. कुणाला हाक मारावी तर गल्लीत चिटपाखरू नव्हतं. परत आत गेले. चूल पेटवून कालच्या भाताची पेज केली, चमच्यानं त्यांच्या ओठांत घातली. "आई," त्या पुन्हा म्हणाल्या. मी "हो" म्हणाले. पेज अर्धी राहिली आणि त्यांचा श्वास थांबला.

कबरस्तानात मूठभर ख्रिस्ती माणसं जमली. भाऊही आला, आणि भाभीनं नको नको म्हटलं तरी मी गेले. माणसाला मातीत ठेवताना मी पहिल्यांदाच पाहत होते. पेटीवर ढेकळं पडायला लागली तेव्हा मी मागं सरकले. भावानं माझा दंड धरला.

परत येताना तो सायकल हातात धरून माझ्यासोबत चालत होता. फाटकाशी मालगाडी निघून जाईपर्यंत आम्ही थांबलो.

"भेलीस का वो?" त्यानं विचारलं.

"हो."

तो रुळांकडं पाहत राहिला. "मी बी," म्हणाला. "लई भेलो."

फाटक उघडलं तसे आम्ही घराकडे निघालो.