तिथीची पाऊणपट

पाणी शटरिंगला लागलं तेव्हा मिक्सर अर्धाच रिकामा झाला होता. शटरिंग म्हणजे काँक्रीट ओतायचा साचा. ओल्या काँक्रीटमधलं सिमेंट खारं पाणी धुऊन नेतं आणि मागे नुसती खडी उरते.

भाट्याच्या खाडीत जेटीच्या दुरुस्तीचं काम होतं. साइट इंजिनीअर मी. सुकतीच्या, म्हणजे ओहोटीच्या, आगेमागे मिळणाऱ्या दोन तासांत पाया भरायचा होता. मोबाइलवरच्या ॲपमध्ये सुकती सव्वानऊची दिसत होती. मिक्सर आठला बोलावला.

आमचे होडीवाले गणूकाका आयुष्यभर दर्यावर गेलेले. आदल्या दिवशी त्यांनी विचारलं, उद्या तिथी कोणती? मी म्हटलं, शुद्ध तृतीया.

"तीन पाऊण सव्वादोन. सव्वादोनला भरती, म्हंजे सव्वाआठला सुकती. गाडी सातला आना, साहेब."

तिथी चंद्रावर चालते, भरतीही चंद्रावर. पंचांगातल्या तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. त्याच्या सहा तास अलीकडे-पलीकडे सुकती. पक्ष शुद्ध असो की वद्य, हिशेब तोच. मला हे काही नवीन नव्हतं. माझी आई असंच बघून आरे-वारेच्या खडकांवर कालवं काढायला जायची. तिला पाढे येत नसत. ती कॅलेंडरवर बोट ठेवायची, मी पाऊणकीचा पाढा म्हणून वेळ सांगायचो, की ती टोपली घेऊन निघायची. परत आल्यावर तिच्या ओल्या लुगड्याला येणारा वास अजून आठवतो.

पण मुंबईच्या साहेबांना फोनवर काय सांगणार? आईचा पाढा? लाज वाटली. काकांना म्हटलं, आता सगळं ॲपवर असतं.

सिमेंट वाहून गेल्यावर साहेबांनी फोनवर एकच विचारलं, "ॲपमध्ये बंदर कुठलं टाकलंयस?"

पाहिलं तर मुंबई. आमच्याकडे पाणी तासभर आधी फिरतं. चूक ॲपची नव्हतीच.

आठवडाभर ते काँक्रीट फोडून काढलं. मग सुकतीला पाणी पुन्हा तेवढंच खाली जाईल अशा वद्य तृतीयेची वाट पाहिली. त्या दिवशी मिक्सर सातला आला आणि नवाच्या आत पाया भरून झाला. गणूकाका होडीत विडी ओढत बसले होते. मी जवळ जाऊन म्हटलं, "काका, मला येत होतं हे. लहानपणापासून."

त्यांनी विडी विझवली. "येत नसतं, तर चाललं असतं, साहेब."

ॲप जरूर वापरा, फक्त बंदर आधी तपासा. आणि जुनं काही येत असेल तर वेळेवर बोला. नाही बोललं की पुढचा पक्ष उजाडेपर्यंत थांबावं लागतं.