कोर्सचा रकाना

सरांनी माझ्या गळ्यातलं कार्ड दोन बोटांनी उलटं केलं. फोटोची बाजू आत, कॉलेजच्या चिन्हाची बाहेर. मग म्हणाले, "तोंड उघडायचं नाही. तुझं एक वाक्य ऐकलं की कळतं, कोणत्या एसटीने आलीस ते."

शेजारचे दोघे हसले. मीही हसले. ते हसू मला अजून सलतं.

कार्डावरचा फोटो माझा नव्हता. बीसीएला नाव घालून पुण्याच्या कुठल्याशा क्लासला जाऊन बसलेल्या मुलीचा होता. आमच्या जळगावच्या कॉलेजात कार्डाच्या फितींचे रंग ठरलेले आहेत. बीसीएला निळी, बीबीएला मरून. बीएला फीत नाही. नुसतं कार्ड. ते खिशात ठेवा नाहीतर हरवा, कुणी विचारत नाही. त्या दिवशी तपासणी समिती येणार होती, आणि निळ्या फिती जास्त, गळे कमी अशी अडचण झाली होती. म्हणून बीएचे गळे मागवले. सर आमच्या वर्गात आले, बाकांवरून नजर फिरवली आणि माझ्यापाशी थांबले.

"हिला घ्या. चष्मा आहे. चष्म्यात कॉम्प्युटरवाली दिसते."

मी बीए, समाजशास्त्र, दुसरं वर्ष. या विषयाला प्रात्यक्षिक नसतं असं म्हणतात. असतं.

कॉलेज त्या दिवशी ओळखू येत नव्हतं. नर्सरीतून भाड्याने आणलेल्या कुंड्या, त्यांतल्या एकीवर किमतीची चिठ्ठी तशीच. झाडू-बादल्यांच्या खोलीवर 'विद्यार्थिनी तक्रार निवारण कक्ष' अशी नवी पाटी. खोलीला कुलूप. बीबीएची मुलं मार्चच्या उन्हात ब्लेझर घालून फाटकापाशी उभी होती, भावी व्यवस्थापक म्हणून. बीएच्या बाकी मुली नऊवारीत, हातात लेझीम. तंत्रज्ञान दाखवायचं, व्यापार दाखवायचा आणि समाजशास्त्राने नाचायचं. तिन्ही शाखांना न्याय मिळाला होता.

मला लॅबमध्ये सातव्या कॉम्प्युटरपुढे बसवलं. स्क्रीनवर सकाळीच कुणीतरी प्रोग्राम उघडून ठेवला होता. "कशाला हात लावू नका," सर म्हणाले, "बघत राहा."

मी बघत राहिले. आणि मला प्रवेशाचं ते टेबल आठवलं.

आमच्या गावात, धरणगावाजवळ, एक रीत आहे. कॉलेजचा फॉर्म भरताना नाव, गाव, बारावीचे मार्क सगळं भरायचं. कोर्सचा रकाना कोरा ठेवायचा. तो सर भरतात. कुणी सुरू केलं माहीत नाही. माझ्या चुलतभावाने कोरा ठेवला, त्याच्याआधी त्याच्या मामाने ठेवला. शिकलेल्या माणसापुढे आपण काय शिकायचं हे आपण लिहून नेलं, तर ते उद्धटपणाचं दिसतं. याला आमच्याकडे आदर म्हणतात.

मीही कोरा ठेवला. माझे वडील, आबा, कापसाच्या जिनिंगमधून सुट्टी घेऊन, इस्त्रीचा शर्ट घालून बरोबर आले होते. टेबलामागे हेच सर होते.

"बारावी?"

"सायन्स, सर."

"काय करायचंय?"

दोन रात्री आरशापुढे शुद्ध वाक्य पाठ केलं होतं. ऐन वेळी घरची बोलीच बाहेर पडली. "माले बीसीए करनं शे."

सरांनी पेन खाली ठेवलं. शेजारच्या टेबलाकडे वळले. "ऐकलं का? हिला बीसीए करनं शे."

दोन्ही टेबलं हसली. मागची रांगही थोडी हसली, आणि ती सगळी आमच्यासारखीच मुलं होती. गणिताचे मार्क सरांनी बघितले नाहीत. फी झेपेल का, तेही विचारलं नाही. ती जमवून आबांनी आतल्या खिशात ठेवली होती. सर आबांना म्हणाले, "बीए करा हो. मुलीच्या जातीला सोपं पडतं. तीन वर्षांत मोकळी होईल."

आबांनी माझ्याकडे बघितलंच नाही. "सायेब म्हनतस तेच बरोबर शे."

सरांनी रकान्यात दोन अक्षरं लिहिली. आबांनी खाली सही केली. बाहेर आल्यावर त्यांनी मला उसाचा रस पाजला. मी प्यायले.

बीएला मी हलकं समजत नाही. दोन वर्षांत जे वाचलं, त्यानेच मला त्या टेबलाची रचना समजली. पण मागून घेतलेलं आणि पुढ्यात टाकलेलं यात फरक असतो. आणि त्या टेबलावर कोर्स हुशारीच्या क्रमाने वाटत नव्हते. बोलीच्या क्रमाने वाटत होते.

समिती आली. दोन साहेब, एक मॅडम. मागे प्राचार्य, त्यांच्यामागे मोबाइलवर शूटिंग करणारा शिपाई. मॅडम साध्या सुती साडीत होत्या. माझ्या खुर्चीपाशी थांबल्या आणि स्क्रीनकडे बोट दाखवलं.

"हा प्रोग्राम काय करतो, बेटा?"

मला माहीत नव्हतं. मागून सर पटकन म्हणाले, "लाजते ती, मॅडम. गावाकडची आहे."

मी लाजत नव्हते. पण माझ्या वतीने पुन्हा कुणीतरी उत्तर दिलं होतं. पहिल्यांदा आबांनी दिलं, तेव्हा मी रस पिऊन घरी गेले. सरांना मी आठवतही नव्हते. आणि त्यांनी लिहिलेली दोन अक्षरं मी दोन वर्षं जगत होते.

मी कार्ड सरळ केलं. फोटो बाहेर.

"मॅडम, ही मी नाही. मी बीएची. मला इथं बसवलंय."

मग मी म्हणाले, "माले हाईच शिकनं व्हतं."

मला हेच शिकायचं होतं. शुद्ध मराठीत म्हणता आलं असतं. मुद्दाम नाही म्हटलं.

शेजारच्या मुलीने आपलं कार्ड उलटंच ठेवलं. तिला मी दोष देत नाही. मॅडमनी माझ्याकडे बघितलं, वहीत काहीतरी लिहिलं. काय, ते मला आजवर कळलेलं नाही. एक साहेब म्हणाले, "चला, पुढचा विभाग," आणि सगळे पुढे गेले. दुपारी त्यांना वांग्याचं भरीत आणि पुऱ्या होत्या. महिन्याभरात फाटकावर बॅनर लागला. कॉलेजला वरची श्रेणी मिळाली.

मला तपासणीच्या दुसऱ्याच दिवशी केबिनमध्ये बोलावलं.

"कॉलेजची अब्रू काढलीस," सर म्हणाले. "तुमच्यासारख्यांना आत घेतलं, हीच चूक झाली."

"सर, माझा प्रवेशाचा फॉर्म दाखवा."

"कशाला?"

"कोर्सच्या रकान्यात अक्षर कोणाचं आहे, ते बघायचंय."

सर हसले. "खाली सही तुझ्या बापाची आहे. ती पण बघ."

ते खरं होतं.

घरी आबांना सगळं सांगितलं. ते चपलेचा अंगठा चाचपत बसले. "काबरं बोलनी तू?" का बोललीस, एवढंच विचारलं.

"तुम्ही बोलनात नही, म्हनीसन."

तुम्ही बोलला नाहीत, म्हणून. ते उठून बाहेर गेले. तेव्हापासून आमच्यात बोलणं कमी आहे. मी माफी मागितलेली नाही. त्यांनीही नाही.

अंतर्गत परीक्षेत मला पास होण्यापुरतेच गुण पडले. सर वऱ्हांड्यात दिसले की फोन कानाला लावतात. बीसीए मला आता मिळणार नाही. तो रकाना भरून झाला आहे.

पण पुढच्या आठवड्यापासून नवे प्रवेश आहेत. धरणगावच्या स्टँडसमोर झेरॉक्सचं दुकान आहे, आमच्या भागातला प्रत्येक फॉर्म तिथूनच निघतो. सकाळी पहिल्या गाडीच्या आधी मी तिथे उभी राहणार आहे, पेन घेऊन. जो फॉर्म दिसेल त्यावर बोट ठेवणार. हा रकाना इथंच भर. तुझ्या हाताने. शाईने. बापाची सही त्यानंतर.

हुसकावलं तर कॉलेजच्या फाटकाबाहेर उभी राहीन. त्या बॅनरखाली. तिथे सावलीही आहे.